सव्वाअकरा शेर पितळ

पौष वद्य अष्टमीस, ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवर आलं असता, माझी धाकटी बहीण सगुणा नेकनूरच्या आमच्या घरी वारली. वय चौतीस. जवळ मी आणि माझी बायको कौसल्या असे दोघेच होतो. मागे राहिलं ते एवढं: दोन लुगडी, पत्रा कापायची एक कातर, एक कानस, आणि आमच्या भिंतींवर व दारांवर लावलेलं अकरा शेर दोन छटाक पितळ. हे वजन मी स्वतः केलेलं आहे. मूळ पितळ सव्वाअकरा शेर होतं.

आज तिला जाऊन सहा आठवडे झाले. आमचं घर बीडच्या वाटेवर आहे. येणारेजाणारे दारावरचं पितळेच्या पानांचं तोरण पाहून थांबतात, आणि हे कुठल्या कारागिराचं काम म्हणून विचारतात. बहिणीचं, असं मी सांगतो. पुढचं कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. पण सांगायला हवं असं आता वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

सगुणाचं लग्न तेराव्या वर्षी उमापूरला झालं. लग्न मामांनी जुळवलं होतं, आमच्या आईच्या सख्ख्या भावाने. वडिलांनी तिला अकरा भांडी दिली: एक घागर, एक कळशी, एक परात, दोन ताटं, दोन तांबे, दोन पळ्या, दोन वाट्या. सहा वर्षं ती तिथे नांदली. मूल झालं नाही. सातव्या वर्षी दाजींनी दुसरी बायको केली आणि महिनाभराने मामांच्या गाडीत सगुणाला घालून आमच्याकडे पाठवलं. बरोबर भांडीही पाठवली. तोवर वडील वारले होते, घर माझ्याकडे आलं होतं. ओसरीवर मामा, उमापूरचे एक चुलते आणि मी बसलो. भांडी एकेक मोजली, तराजूत घातली. नग अकरा, वजन सव्वाअकरा शेर. चुलते म्हणाले की बाई टाकलेली नाही, सध्या माहेरी ठेवलेली आहे. बोलावणं येईल तेव्हा भांड्यांसकट पाठवायची. मी तसं कागदावर लिहून दिलं. नग आणि वजन, दोन्ही लिहिलं. गावात कोणाचं धान्य मोजायचं असलं की माप घालायला मला बोलावतात. माझ्या हातच्या मापावर आजवर तंटा झालेला नाही. त्यामुळे सही करताना माझ्या मनात काही आलं नाही. सगुणा आत कौसल्याजवळ उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही… मीही नाही.

आमच्याकडे लेकीला दिलेलं भांडं माहेरच्या चुलीवर चढवत नाहीत. दिलेलं परत घेतल्याचा दोष लागतो. तेव्हा ती अकरा भांडी मी पोत्यात घालून माळ्यावर ठेवली. दर दिवाळीला पोतं खाली काढून नग मोजायचो आणि पुन्हा वर ठेवायचो. सगुणा घरात राहिली, पण तिचंही तसंच झालं होतं. नवऱ्याने माघारी धाडलेली, पोटी मूल नाही. तिने कोणाच्या ओटीला हात लावायचा नाही, हळदीला पुढे व्हायचं नाही. तिच्या वाट्याला भांडी घासणं आलं. कौसल्या वाईट नव्हती. रीत होती, ती तिने पाळली.

भांडी घासता घासताच तिचा हात पितळेला लागला. कौसल्याचा एक तांब्या बुडाला तडकला. भेगेचं भांडं घरात ठेवू नये, म्हणून कौसल्या तो मोडीत द्यायला निघाली होती. सगुणाने तो मागून घेतला. तेव्हा मदारभाई कल्हईवाले आमच्या दारच्या लिंबाखाली भाता मांडून बसलेले होते. वर्षातून तीन-चारदा ते यायचे आणि आठ-आठ दिवस मुक्काम करायचे. सगुणाने त्यांच्याकडून कातर मागितली. बूड कापून काढलं, वरचा भाग उभा चिरून उघडला, त्याच्या कडा दुमडल्या आणि मधघरातल्या दिव्यामागे भिंतीला ठोकला. मधघराला खिडकी नाही. तिथे दिव्याचा उजेड दुपटीने पडायला लागला. कौसल्या दारात उभी राहून म्हणाली, “वन्सं, भेगेचं हाय ते. घरात नको.”

“भेग कुठं हाय वैनी? ती तर कापून टाकली. आता ते भांडंच राह्यलं न्हाई, तर दोष कुणाला लागंल?”

मदारभाई भाता थांबवून हसले. “बाईचं बोलणं मोलवीसारखं हाय. कापली की मिटली भानगड.”

त्यानंतर ते वाढत गेलं. मोडक्या दांड्याच्या पळ्या वाकवून तिने खुंट्या केल्या, टोकाला बदकाची मान. फुटक्या चाळणीचं दिव्यावर झाकण केलं, त्याचे ठिपके संध्याकाळी सगळ्या भिंतीवर पडत. गावातल्या बाया तडकलेले गडवे, झिजलेली ताटं घेऊन यायच्या आणि आरशाच्या चौकटी, देवघराच्या महिरपी घेऊन जायच्या. ज्या बाया तिला हळदीला बोलवत नसत, त्याच यायच्या. मोबदल्यात कोणी शेरभर ज्वारी देई, कोणी काहीच देत नसे. मदारभाई आले की ती पाच हातांवर बसून डाग कसा द्यायचा, कानस कुठे लावायची ते पाहून घ्यायची. एकदा ते मला म्हणाले, “भाऊ, मी ठिगळ लावून भांडं वाचवतो. ही बाई भांडं मोडून त्याला वाचवती. लई येगळी अक्कल हाय.” मला बरं वाटलं होतं. तिला मात्र ते कधी सांगितलं नाही.

माघारी आल्यावर चौथ्या की पाचव्या वर्षी, गौरींच्या आधी, तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. त्या सबंध काळात तेवढीच मागितली. म्हणाली, “दादा, पोत्यातला येक तांब्या दे. गौरीच्या मागं लावायला कमळ करते. वैनीची लई इच्छा हाय.”

मी म्हणालो, “ते आपलं न्हाई सगुणे. ठेव हाय ती. नग कमी भरून चालत न्हाई.”

“आन् मी?”

“तू बी. बोलावणं आलं की जायचं.”

ती उठून गेली. मी चुकीचं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

बोलावणं आलं नवव्या वर्षी. त्या साली गेवराईकडे प्लेग होता. गावं ओस पडून लोक रानात झोपड्या घालून राहत होते. त्यात दाजींची दुसरी बायको गेली. मागे दोन लहान लेकरं. मामा मुद्दाम आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, “शिदराम, देवानं डोळं उघडलं बघ. पोरीचा संसार पुन्ना उभा राहतोय. अमावस्या झाली की दाजी सोता येतोय गाडी घेऊन. भांडी काढून ठेव.”

मला आनंद झाला, हे लपवत नाही. नऊ वर्षं सांभाळलेली ठेव पोचती होणार होती. मी आत जाऊन सगुणाला सांगितलं. ती कानस चालवत होती. तिने हात थांबवला नाही. “कवा?” एवढंच विचारलं. मी दिवस सांगितला. भांडी नऊ वर्षं पोत्यात पडून काळी पडली होती, आतली कल्हई उडाली होती. तशी पाठवणं बरं दिसणार नाही म्हणून मीच मदारभाईंना निरोप धाडला, पोतं मीच माळ्यावरून खाली काढलं आणि सगुणाच्या हवाली केलं. “सगळ्याला चांगली कल्हई करून घे,” असं सांगून कापसाच्या गाड्या घेऊन बीडला गेलो. चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी दुपारी परत आलो तर दाराशी बैल बुजले. चौकटीवर काहीतरी चमकत हलत होतं. एकवीस पानांचं तोरण, आंब्याच्या पानासारखी पानं, प्रत्येकाला मधली शीर ठोकून काढलेली. ती घागर होती. आत गेलो. मधघरात परात भिंतीवर चढली होती, मधोमध भोक पाडून खिळ्याने ठोकलेली, कडेने कातरलेली. कळशी उभी चिरून तिचे दोन अर्धे भाग देवघराच्या दोन्ही बाजूंना, त्यांत झेंडूची फुलं. ताटांच्या दोन चौकटी. तांब्यांचं कमळ. पळ्यांच्या खुंट्या, वाट्यांना साखळ्या. अकरा नगांपैकी एकही नग राहिला नव्हता. मदारभाई लिंबाखाली बसले होते. मला पाहून उठले. म्हणाले, “भाऊ, बाई म्हनली तुमीच सांगून गेलतात.” त्यांचा चेहरा पाहून मी त्यांना काही बोललो नाही.

सगुणा आतून आली. हातात एक फडकं होतं, त्यात कातरण बांधलेलं. “मोजून घे दादा,” ती म्हणाली. “येक तुकडा बी फेकला न्हाई.”

मी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. मला तिच्यापेक्षा त्या कागदाची चिंता होती.

अमावस्येनंतर दाजी आणि मामा गाडी घेऊन आले. पाणी दिलं, गूळ दिला. मी काही लपवलं नाही. तोरण उतरवलं, परात काढली, सगळं ओसरीवर आणून ठेवलं, फडकंही ठेवलं, आणि कागद वाचून दाखवला. दाजींनी तोरणाचं एक पान धरून पाहिलं. मग म्हणाले, “ही काय थट्टा हाय का?”

मामा म्हणाले, “कावून केलं बे हे? कुणी केलं?”

“मी,” सगुणा दाराआडून म्हणाली. “वजन करा. वजन हाय तेवढंच हाय.”

मी तराजू काढला. अकरा शेर दोन छटाक भरलं. दोन छटाक कानशीत गेलं होतं. मी ते मोठ्याने सांगितलं. आज मला त्याचीच लाज वाटते, की त्या वेळी मी दोन छटाकांचा हिशोब सांगत होतो.

दाजी म्हणाले, “वजनावर भाकरी व्हती का? पानात पाणी भरायचं? घरात लेकरं उपाशी हायती, रांधायला भांडं न्हाई. प्लेगात घर जाळावं लागलं, सगळं गेलं. आन् हिनं हे…” मग मामांकडे वळून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मामा. भांड्याबिगर मी न्हेत न्हाई. शकून चांगला दिसत न्हाई.”

ते उठले. पायात वहाणा घालू लागले. इथे जर मी गप्प बसलो असतो, तर गाडी रिकामी परत गेली असती. तिने तेवढ्यासाठीच घागर कापली होती. ते मला कळायला हवं होतं. पाच हातांवर, दाराआड, ती उभी होती… पण मी लिहून दिलं होतं. चार लोकांत माझं माप खोटं पडत होतं. मी हात जोडून म्हणालो, “दाजी, बसा. माझी सही हाय. दोन दिवस थांबा. अकराच्या अकरा नवी भांडी बीडहून आनून देतो. त्याच वजनाची. आन् बाईला तुमच्या गाडीत बशिवतो.”

दाजी बसले. मामा म्हणाले, “ही मर्दाची जबान.”



दोन दिवसांनी नवी भांडी आली. नग अकरा, वजन सव्वाअकरा शेर. दुकानात उभं राहून मी एकेक नग निवडून वजन जुळवलं होतं. गाडीत भांडी आधी चढली, मग सगुणा. कौसल्याने तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि ती रडली. सगुणा रडली नाही. गाडी हलताना माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुझी यादी पुरी झाली, दादा.” कडवटपणे म्हणाली नाही. एखादं काम उरकल्यावर सांगावं तसं सांगितलं.

उमापूरला ती पाच वर्षं राहिली. मी दोनदा गेलो. घर नवं बांधलेलं होतं, भिंती पांढऱ्या आणि अगदी मोकळ्या. लेकरं तिच्या अंगाखांद्यावर वाढत होती, तिला आई म्हणत. ती कशी आहे हे विचारायला मला एकांत मिळाला नाही, आणि मिळवलाही नाही. दुसऱ्या खेपेला ती पाणी घेऊन आली तेव्हा बोटांवर कातरीचे घट्टे नव्हते. मी विचारलं, “हात थांबला का गं?” म्हणाली, “इथली भांडी रोज लागत्यात, दादा.” खोकला तेव्हाच लागला होता. घागरीमागून घागर, पहाटेपासून… पण त्याचा हिशोब मी मांडत नाही, कारण तो दाजींच्या अंगावर घालणं मला सोपं जाईल. त्यांनी तिला मारहाण केली नाही. घरात जेवढी बायको लागते तेवढी ठेवली.

मागच्या श्रावणात ती रक्त ओकू लागली. तेव्हा दाजींनी निरोप धाडला की लेकरांना लागण होईल, माहेरी न्या. मी गाडी घेऊन गेलो. या खेपेला भांड्यांची गोष्ट कोणी काढली नाही. घरी आणल्यावर तिला मधघरात निजवलं, परातीच्या समोर. ती उमापूरला जाऊन पाच वर्षं झाली होती, पण परात काळी पडलेली नव्हती. कौसल्याने सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं होतं आणि दर आठवड्याला ती चिंचेने घासत होती.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. धीर करून म्हणालो, “सगुणे, तुला जायचं न्हवतं तर बोलली कावून न्हाईस?”

ती धापा टाकत म्हणाली, “सांगितलं की. अकरा नगांनी सांगितलं.” मग म्हणाली, “तू विचारलंस कवा?”

 

ती गेल्यावर चौथ्या दिवशी कौसल्या मला म्हणाली, “येक सांगायचं राह्यलंय. घागर लई जाड व्हती. त्यांच्या एकटीच्यानं कातरत न्हवती. मी धरली. दोघींनी मिळून कापली.” पुढे ती म्हणाली, “तुमी नवी आनताल असं वाटलं न्हवतं वो मला.” मग ती चिंच भिजत घालायला गेली. अजूनही दर आठवड्याला घालते. परात, चौकटी, खुंट्या, साखळ्या, सगळं उतरवते, घासते, पुन्हा जागच्या जागी लावते. संध्याकाळी मधघरात दिवा लावला की परातीच्या कातरलेल्या कडेमुळे उजेडाला दाते पडतात. सगुणा निजायची त्या जागेवर ते येतात. तिथे कोणी बसत नाही.

तेराव्याला दाजी आले. त्या दिवशी पाण्याने भरलेली एक कळशी तिच्या नावाने देवळात ठेवायची होती, येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून. कळशी मी नवी घेतली. मदारभाईंना बोलावणं धाडलं होतं, ते लिंबाखाली छिन्नी आणि हातोडी घेऊन बसले. नाव घालायचं होतं. दाजी म्हणाले, “सगुणाबाई भ्रतार दगडोबा, मुक्काम उमापूर. सवाष्ण गेली ती. माझं नाव पाहिजे.” मामा म्हणाले, “वजा करता येत न्हाई ते. लिहा मदारभाई.”

मदारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, भ्रताराचं घालू का बापाचं? अक्षराला येक पैसा.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माप सांगायला वेळ लागला. मी म्हणालो, “भ्रताराचं नको. बापाचं बी नको. माझं बी कुठं येऊ देऊ नका. नुसतं तिचं.”

दाजी उठून गेले. मामा त्यांच्यामागे गेले. मदारभाईंनी कळशी मांडीवर आडवी घेतली आणि ठिपक्याला ठिपका लावत नाव घातलं. वेळ लागला. कौसल्या दारात उभी राहून पाहत होती. काम झाल्यावर मी तीन अक्षरांचे तीन पैसे मदारभाईंच्या हातावर ठेवले, आणि त्यांनी ते घेतले.